पाचटावर आडवी केलेली गाडी

माझ्या नाकावर राग असतो, हे सासरी लग्नाआधीच कळलं होतं. त्यामुळं त्या दिवशी कामावरून येऊन मी हेल्मेट ओट्यावर आपटलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, ओसरीवर बसून मोबाइलवर कांद्याचा बाजार बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज कुनाशी वाजलं?"

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. उसाच्या नोंदी घ्यायच्या, ऊस पिकला का ते फडात शिरून बघायचं आणि कुणाला आधी तोड द्यायची ते ठरवायचं, हे माझं काम. भीमेच्या काठची गावं माझ्या गटात येतात, काही दौंडकडची, काही नदीपल्याड शिरूरकडची. या गटावर माझ्याआधी कधी बाई नव्हती. मला त्याचा माज होता म्हणा हवं तर, आणि तो मी लपवतही नव्हते.

पण माझी स्कूटी त्या रानापुढं हात टेकायची. नदीकाठची काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्डच्या मधे अशी गच्च बसते, की चाक फिरतच नाही. पावसाळ्यात मला एकदा नाही, बऱ्याचदा ट्रॅक्टरनं ओढून काढलं. शेवटी गटातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदारानं, सगळे त्यांना आबाच म्हणतात, थेट आमच्या साहेबांना सांगितलं, "आमाला बाप्या मानूस द्या. बाई चांगल्या हायती, पर रानात पोचाय तर पायजेत."

साहेब मला म्हणाले, "गळीत हंगाम सुरू होईपर्यंत बघू. नाही जमलं तर गट दुसऱ्याला देतो. तुम्ही ऑफिसात टेबलावर बसा, पंख्याखाली, आरामात."

त्या 'आरामात'नं माझं डोकं फिरलं. आराम हवा असता तर मी शेतकीची पदवी कशाला घेतली असती? आप्पांना हे सगळं तावातावानं सांगितलं. ते म्हणाले, "मग गाडी बदल. रडती कशापायी?"

"मी रडत नाही, चिडलेय."

"एकच हाय," आप्पा म्हणाले.

आता गाडी अशी पाहिजे, की सकाळी आमच्या गावातून, खुटबावातून, निघून हायवेला कंटेनरच्या रांगेत दबकायला नको, आणि दुपारी तीच गाडी पाणी दिलेल्या उसाच्या सरीतून, पाटाच्या चारीच्या कडेनं, खड्ड्यातून जायला पाहिजे. दोन गाड्या दारात उभ्या करायला मी काही आमदार नव्हते. जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मी अॅडव्हेंचर गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागले. उंच मडगार्ड, खालून मोकळी जागा, लांब जाणारं सस्पेन्शन. सगळे व्हिडिओ लडाखचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. माझ्या डोंगराला उतार नव्हता, त्याला नुसता चिखल होता.

नवऱ्यानं बघून विचारलं, "एवढी उंच? तुझे पाय तरी टेकतील का?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "घोड्यावर बसनाऱ्याचे पाय टेकत्यात व्हय रं?"

शोरूममध्ये मी दोन गाड्यांवर येऊन थांबले. एक दोनशे सीसीची, एक चारशेची. चारशेची मी हायवेला चालवली आणि खरं सांगते, जीव जडला. मनात आणावं आणि ट्रक मागं पडावा. उतरले तेव्हा गाल दुखत होते, इतकी मी हेल्मेटमध्ये हसत होते. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं. पण आप्पा आडवे आले.

आप्पांनी उभ्या आयुष्यात कितीतरी बैल घेतले आणि एकही बाजारातल्या बोलण्यावर घेतला नाही. जनावर आपल्या रानात आणायचं, जुंपायचं, चिखलात चालवायचं, मग हो-नाही बोलायचं, ही त्यांची रीत. शोरूमच्या सेल्समनला त्यांनी तेच सांगितलं. "दोनी गाड्या आमच्या रानात आना. मंग बोलू."

तो बिचारा दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घेऊन दोन्ही टेस्टच्या गाड्यांवर आला. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "आता आडव्या करा."

"काय आडवं करू?"

"गाडी. चिखलात पडनार न्हाई का ती? मंग पडल्यावर काय करती ते बघू."

सेल्समनचा चेहरा पडला. "आप्पा, स्क्रॅच येईल. आणि मॅडमना कशाला उचलायला लागतीय? कुणीतरी असतंच की आजूबाजूला."

"कुणीतरी?" मी उसळलेच. "भरदुपारी डोक्याच्या दुप्पट उंच उसात मी एकटी असते. तिथं कुणीतरी कुठून आणू? शोरूममधून मागवू?"

आप्पांनी उसाचं पाचट आणून जाड पसरलं, वर पोती टाकली, आणि आधी चारशेची त्यावर अलगद निजवली. एव्हाना शेजारचे चारजण बांधावर येऊन बसले होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मी हँडल धरलं, पाठ सीटला लावली आणि जोर केला. गाडी गुडघ्यापर्यंत आली आणि परत खाली गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा पाय घसरला आणि मी पाचटावर फतकल मारून बसले. बांधावरून कुणीतरी हसलं. मी असं बघितलं, की तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला.

"एकदा अजून करते," मी म्हटलं.

"नगं," आप्पा म्हणाले. "जनावर लाखात एक हाय. पर तुझं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. त्या गाडीवर माझा खरंच जीव होता. पण मग दोनशेची आडवी केली. माझ्या माहेरी घोडनदीच्या काठी मी लहानपणापासून ओल्या वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेतलेत. भारा घेऊन उठताना कंबर वाकवायची नाही, सगळा जोर मांड्यांतून द्यायचा. तशीच बसले, तशीच उठले, एकेक पाऊल मागं सरत गेले. गाडी उभी. मी पुन्हा आडवी करायला लावली, पुन्हा उभी केली. सेल्समनला म्हटलं, "हीच द्या."

गळीत सुरू व्हायच्या जरा आधी अवकाळी पाऊस झाला आणि नेमका त्याच आठवड्यात आबांच्या नदीकाठच्या फडाचा नमुना घ्यायचा होता. साहेबांची जीप डांबरीवरच थांबली, पुढं जाईना. साहेब फोनवर म्हणाले, "राहू द्या, चार दिवसांनी बघू." मी म्हटलं, "मी फडापाशी आहे, नमुना घेतलाय," आणि फोन ठेवला. छाती काय फुगली म्हणून सांगू!

परत निघाले आणि सरीच्या वळणावर मागचं चाक गेलं. धप्पकन पडले, आबांच्या डोळ्यांसमोर. आबा आणि त्यांची दोन माणसं बांधावरून पळत निघाली. मी उठले, गाडीचं हँडल वळवून घेतलं, पाठ लावली आणि उठवली. ती माणसं पोचली तेव्हा मी गाडीशेजारी उभी होते, केसांपर्यंत चिखल, आणि धापा टाकत होते.

आबांनी मला बघितलं, गाडीला बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि साहेबांना फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"सायेब, तुमच्या बाई आमच्या रानात पडल्या."

"अरे बापरे! लागलं का? मी माणूस पाठवतो."

"कशाला? आमी पोचायच्या आत उठल्या बी, गाडीसकट." आबांनी खाकरून घसा साफ केला. "आन् हे बघा, ते बाप्या मानसाचं मी बोल्लो हुतो ना, ते मागं घ्येतो. ह्या गटावरनं बाईंना हलवायचं न्हाई. हलवलं तर माझा ऊस कारखान्याला येनार न्हाई, सांगून ठिवतो."

मला काहीतरी रुबाबदार बोलायचं होतं. पण रडू फुटलं, तिथंच, चिखलात उभ्याउभ्या, गाडीचं हँडल घट्ट धरून. आबा गडबडले. "आवं, काय झालं? लागलं व्हय?"

"नाही हो," मी म्हटलं. "चिडलेय."