अंदाजाने ठरलेला चोर

मिनेसोटातल्या आमच्या किराणा कंपनीत व्हर्ना ओल्टमन्स संख्याशास्त्र सांभाळायची. माझं टेबल तिच्या शेजारी. दुकानांची मालमोजणी वर्षभर आळीपाळीने चालायची. त्यामुळे डिसेंबरअखेर चोरीला गेलेला, सडलेला, हरवलेला माल, म्हणजे घट, किती, हे मागच्या मोजणीतली घट आणि नंतरची विक्री यांवरून अंदाजाने काढावं लागे. करखातं म्हणालं, जी घट मोजलीच नाही तिची वजावट नाही. प्रकरण कोर्टात गेलं.

व्हर्नाने साक्ष दिली, "एखाद्या दुकानाचा अंदाज चुकेलही. पण सगळी दुकानं एकत्र धरली की कमी-जास्त चुका बऱ्याचशा फिटतात." कोर्टाला पटलं. कंपनी जिंकली.

विजयाच्या जेवणाला दुकानांचा प्रमुख रॉइस डालग्रेन मासा खाता खाता म्हणाला, "तुझे आकडे आणखी एका कामाला आले बघ. इव्हलेथच्या दुकानात घट सगळ्यात जास्त निघाली. मांस विभागाच्या आर्व्हिड सारीला चोर म्हणून हाकलला."

"तिथली मोजणी झाली?"

"व्हायचीय. आकडा आहे ना."

"तो मी मागच्या घटीचा दर आणि विक्री यांचा गुणाकार करून काढलाय. तिथे विक्री जास्त म्हणून आकडा मोठा. तुम्ही एक पाकीट तरी मोजलंत?"

"कोर्टाने मानला, आणि तू नाक मुरडतेस?" टेबलावर हशा पिकला.

व्हर्नाने ताट सरकवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्याच्या ओठांवर लोणी चकाकत होतं आणि तो एका माणसाला हाकलल्याचं सांगत होता."

चोरीचा ठपका म्हणून आर्व्हिडचा बेकारी भत्ता अडला. त्याच्या सुनावणीला व्हर्ना स्वतःहून गेली आणि कोर्टातलंच बोलणं पुन्हा बोलली: एकट्या दुकानाबद्दल हा आकडा काहीच सिद्ध करत नाही. भत्ता सुरू झाला.

"आलात, उपकार झाले बाई," आर्व्हिड म्हणाला. "पण गावाला सरासरी कोण समजावणार? चर्चच्या जेवणात मी हॅम कापायला घेतलं, तर मागून एकजण म्हणाला, 'खिसे बघा रे त्याचे.' माझ्या मुलीसमोर."

वसंतात इव्हलेथची मोजणी झाली. घट अंदाजाच्या निम्मीही नव्हती. व्हर्ना रॉइसकडे गेली. "आता त्याला कामावर परत घ्या. माफी मागा."

"माफी मागितली की वकील येतात," रॉइस म्हणाला. "पुढच्या वर्षीचा अंदाज सुधार म्हणजे झालं."

व्हर्नाने त्याच दुपारी नोकरी सोडली. आर्व्हिड आता डुलुथला गोदामात खोकी उचलतो. रॉइसला बढती मिळाली. जिन्यात तो भेटला की मी भिंतीकडे बघते.