शेवटचा स्क्रू पितळेचा

आमच्या कार्देनासमध्ये गाडीच्या नाकावर जे नाव आहे तेच तिच्या पोटात असेल, असं कुणी धरून चालत नाही. शेवरोलेत रशियन ट्रकचं इंजिन असतं, फोर्डमध्ये उसाच्या मळ्यावरच्या पंपाचं, आणि दंतवैद्याच्या काळ्या ब्युइकमध्ये तर दोन निरनिराळ्या इंजिनांचे अर्धे अर्धे भाग आहेत. गाडी चालते, लोक बसतात, विषय संपतो. तो उकरला जातो मालक मेल्यावर. गाडी वारसाच्या नावावर करायची म्हटलं की कचेरी विचारते, हे इंजिन आलं कुठून? मग लोक आर्कादिओकडे येतात.

आर्कादिओचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे. मी एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. माझ्याकडे टाइपरायटर आहे आणि आर्कादिओचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही, म्हणून तो इंजिन वाचतो आणि मी दाखला टंकते. खाली तो सही करतो. त्या सहीला कचेरीत मान आहे, कारण त्याने कधी खोटा दाखला दिलेला नाही. लोक हातापाया पडले, एकाने तर जिवंत डुक्कर आणून दाराशी बांधलं. डुक्कर दिवसभर ओरडलं आणि संध्याकाळी आलं तसं परत गेलं. शिव्या मात्र मी खाल्ल्या, कारण दार मी उघडलं होतं.

इंजिनावरचा नंबर तो शेवटी बघतो. "नंबर कानशीने घासता येतो, मास्तरीणबाई. सवयी घासता येत नाहीत," असं त्याचं म्हणणं. तो आधी बुजवलेली भोकं शोधतो, कारण आधीच्या जागी तिथे काय बसवलेलं होतं ते भोकावरून कळतं. मग चाकूने रंग खरवडून खालचे थर मोजतो. हे सगळं एक अक्षर न बोलता चालतं. गाडीचा मालक शेजारी घाम पुसत उभा असतो आणि हा त्याला ताकास तूर लागू देत नाही.

दुरुस्ती मात्र तो करत नाही. साधा नट आवळून द्या म्हटलं तरी हात मागे घेतो. नवख्यांना हा माज वाटतो. पण चौऱ्याण्णवपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार बोटीचं इंजिन त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. फुटलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही. म्हणून तो तडा गेलेल्या रेषेवर भोक पाडून त्यात तांब्याचा स्क्रू पिळायचा, त्याला खेटून दुसरं भोक, दुसरा स्क्रू, अशी पूर्ण शिवण. ही विद्या त्याच्या बापाची.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्याचा धाकटा भाऊ रुबेन, उंच, भुवईत व्रण असलेला, समुद्र ओलांडून उत्तरेच्या देशात पळून जायला निघाला. सहकारी संस्थेची बोट होती, तोच तिचा तांडेल. इंजिनाला तडा गेला होता तो दोन महिन्यांपूर्वी आर्कादिओने शिवून दिला होता. रुबेन पोचल्याची बातमी कधी आली नाही. पत्र नाही, फोन नाही, बोटीची फळीसुद्धा सापडली नाही. त्या वर्षी पुष्कळ गेले आणि पुष्कळ पोचले नाहीत, गावाने ते गिळलं. आर्कादिओने मात्र ठरवून टाकलं की भर समुद्रात आपली शिवण उसवली. हत्यारं तेल लावून पेटीत घातली आणि कानाला खडा लावला. पंधरा वर्षं मी त्याला सांगत आले की हे तुला कळलं कुठून? तो म्हणायचा, "दुसरं काय झालं असणार?" भूमिती शिकवलेल्या बाईला हे सिद्धतेवाचूनचं उत्तर ऐकून घ्यावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

मागच्या मार्चमध्ये एदेल्मिरा आली. ठेंगणी, बोलकी, गावाच्या त्या टोकाला राहणारी. नवरा फेर्मिन नाताळाआधी गेला होता आणि त्याची बावन्न सालची हिरवी शेवरोले तिला स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. जावई ती प्रवासी गाडी म्हणून चालवणार, त्यावर घर चालणार.

"सोपं आहे, उस्ताद," ती बॉनेट उघडता उघडताच म्हणाली. "पंपाचं इंजिन. कामाग्वेच्या बाजूला भातशेतीवर होतं. फेर्मिनने मला शंभरदा सांगितलंय."

"मग फेर्मिनचीच सही घ्यायची होती," आर्कादिओ म्हणाला.

"मेला ना तो!"

"ते ऐकलं मी. बाजूला व्हा, सावली पडतेय."

तो वाकला. चार सिलिंडरचं डिझेल, इंग्लंडचं, एवढं मलासुद्धा ओळखता येतं. कडेला एक चौकोनी पत्रा चार बोल्टांनी बसवलेला होता. त्याने तो काढला, आत बोट घातलं, मग बॅटरीचा उजेड पाडला.

"गोड्या पाण्याने गंज पापुद्र्यांनी चढतो," तो म्हणाला. "हे भोकं पाडून खाल्लंय. इथे खाऱ्या पाण्याचा पंप होता, बाई. हे बोटीचं इंजिन आहे."

एदेल्मिराचा चेहरा उतरला. बोटी सगळ्या सहकारी संस्थेच्या, म्हणजे सरकारच्या. बोटीचं इंजिन गाडीत निघालं म्हणजे चोरीचं, आणि चोरीचं म्हटल्यावर इंजिन तर जाणारच, वर पोलिसांचे हेलपाटे.

"कामाग्वेला भाताला खारं पाणी देत असतील," ती म्हणाली.

मला हसू आलं. आर्कादिओला आलं नाही. तो इंजिनाच्या डाव्या अंगाला चाकूने खरवडत होता. काळा रंग गेला, खालचा निळा गेला, आणि लालसर ठिपक्यांची एक ओळ दिसली. तो थांबला. मग नखाने एकेक ठिपका मोजत गेला. एकोणीस झाले. शेवटचा ठिपका पिवळा होता.

"बापाने शिकवलं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळे तांब्याचे, शेवटचा पितळेचा. कुणी शिवलं ते कळावं म्हणून."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. असं शिवणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, आणि एकोणीस टाक्यांची शिवण त्याने एकाच इंजिनाला घातली होती, रुबेनच्या बोटीच्या. तो आकडा पंधरा वर्षांत मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल.

तो फूटपाथच्या कडेला बसला. मी पाणी आणलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.

"एदेल्मिरा," मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "हे इंजिन फेर्मिनने कुणाकडून घेतलं?"

"मला काय माहीत?"

"हा पोलीस नाही. बोटीवरच्या माणसाचा भाऊ आहे."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बॉनेट खाली घेतलं, पुन्हा वर केलं.

"उंच होता," ती शेवटी म्हणाली. "भुवईत खूण होती, इथे. चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात आला, इंजिन बैलगाडीत घालून. त्या बदल्यात फेर्मिनने त्याला ट्रकवरची ताडपत्री दिली, चार वल्ही दिली आणि पाण्याची दोन पिंपं."

"इंजिन का दिलं?" आर्कादिओने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"फेर्मिननेही हेच विचारलं. तर म्हणाला, डिझेल कुठाय? पाच लिटर मिळेना. तेलाशिवाय हे धूड नेऊन काय करू, शिडावर जाईन."

त्या उन्हाळ्यात गावात एक बस चालत नव्हती. मळ्यावरचे ट्रॅक्टर जागच्या जागी उभे होते आणि आम्ही सगळे सायकलींवर होतो. बोटीत तेल नसणार हे मला पंधरा वर्षांत एकदाही सुचलं नाही. त्यालाही नाही. रुबेन काहीही मिळवायचा, साबण, टायर, मांस. तेलही मिळवलं असेल असं सगळे धरूनच चालले.

"आणखी काही बोलला?"

"तडा बघून फेर्मिन कुरकुरला. तर तो चिडला की हो! म्हणाला, माझ्या भावाने शिवलंय, तुमची गाडी मोडेल पण हे उसवणार नाही." ती जरा थांबली. "नाही उसवलं. थेंब गळला नाही कधी."

आर्कादिओने पाणी पिऊन टाकलं. मग उठला आणि तिला म्हणाला, "चालू करा."

तिने चालू केलं. त्याने शिवणीवर तळहात ठेवला आणि इंजिन पुरतं तापून हाताला चटका बसेपर्यंत तो तसाच ठेवला. तो रडत होता. तोंड फिरवायचंही त्याला सुचलं नाही. रुबेन शिडावर गेला म्हणजे त्याचं मरण काही कमी झालं नव्हतं, हे तिथे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी घरात जाऊन टाइपरायटरला कागद लावला. तो मागोमाग येऊन खुर्चीमागे उभा राहिला.

"लिहा. इंजिन चार सिलिंडर, डिझेल. मूळ ठिकाण," तो अडला. एदेल्मिरा दारात उभी होती, स्कर्टला हात पुसत. "मूळ ठिकाण, भातशेतीवरचा पंप, कामाग्वे."

मी मान वळवून पाहिलं. "आर्कादिओ, ही तुझी पहिली थाप."

"लिहा हो, मास्तरीणबाई."

मी टंकलं आणि कागद काढायला गेले, तर त्याने रोलरवर हात ठेवला.

"अजून एक ओळ आहे. डाव्या अंगाला तडा, एकोणीस टाक्यांनी शिवलेला. दुरुस्ती खाली सही करणाऱ्याची. शाबूत आहे."

कचेरीला या ओळीची गरज नव्हती. मी ती टंकली, आणि त्याने खाली सही केली.