एक दाबलं की

माझ्या धाकट्या बहिणीच्या कंपनीचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मोठी कॉम्प्युटर कंपनी. दुकानांचे पैसे खात्यात वळते करणारी यंत्रणा सांभाळायची, हे धाकटीचं काम. तिथे फोनची पाळी असते. बिघाड झाला की यंत्रच पाळीवाल्याला फोन करतं. त्याने फोनवर एक दाबलं की काम त्याने अंगावर घेतलं. मग ते दुसऱ्या कुणाला फोन करत नाही. बाबा आयसीयूत होते तेव्हा ही बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती. बाळंतपणाच्या कळा सुरू असतानासुद्धा हिने एक दाबलंय. मी ओरडले की म्हणायची, "ताई, आमच्यात फोन टाळत नाहीत गं."

गेल्या सोमवारी काम करता करता तिचा लॅपटॉप बंद पडला. कारण घरच्या मेलवर आलं. हजारो लोक कमी केले, त्यात ही. साहेबांनी साधा फोन करू नये? पण बाईसाहेब आठवडाभर मलाच समजावत होत्या, "माझ्यावाचून त्यांचं अडेल बघ. बोलावतील."

रविवारी दुपारी जेवत होतो. फोन वाजला आणि हिने उष्ट्या हाताने एक दाबलं. मग भानावर आली. पाळीत हिचं नाव तसंच होतं, लॅपटॉप मात्र कंपनीनेच बंद केलेला. साहेबांना फोन लावत राहिली, ते उचलेनात.

तासाभराने त्यांचाच फोन आला. हिचा चेहरा असा खुलला की मलाही वाटलं, बोलावतायत. तिने स्पीकर लावला.

"एक दाबून बसलात कुठे? इथे सगळं ठप्प झालंय."

आणि हिच्या तोंडून काय निघावं? "सॉरी सर."

मी फोन हिसकावला. "पगारातून नाव काढायला बरं सुचलं. पाळीतून काढायला हात मोडले होते का? जनाची नाही, मनाची तरी ठेवा."

मग म्हणतो, "ते राहूनच गेलं. आत्ता काढतो."

फोन बंद झाला. मला वाटलं, चांगली जिरवली. धाकटी ताटातलं अन्न नुसतं चिवडत होती.

"कशाला बोललीस, ताई?" ती म्हणाली. "तेवढ्या एकाच ठिकाणी राहिलं होतं माझं नाव."