गेथशेमनी बागेतली लाथ

होणाऱ्या सासऱ्यांना भर स्टेजवर लाथ बसल्यामुळे ज्याचं लग्न जमलं, असा वसई तालुक्यात मी एकटाच असेन. आणि ती लाथही माझी नव्हती.

लाथ पांडूची होती. पांडू चंदनसारचा, लाउडस्पीकर भाड्याने देणारा. उंची माझ्या खांद्याएवढी, छाती मात्र माझ्या दुप्पट. मी आगाशीकडचा शाळामास्तर, लांब आणि बारीक. (वर्गात मी फळ्याकडे तोंड केलं की मुलांना फळा पूर्ण दिसायचा, एवढा बारीक.) तो देवीला नवस बोलणारा, मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारा. आमच्यात एकच गोष्ट सारखी होती, ती म्हणजे मारामारीच्या सिनेमांचं वेड.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी सिनेमा सोडला होता. तसं आईला वचन दिलं होतं. ते वचन बरोबर दहा दिवस टिकलं. विरारच्या तंबूत एक सिनेमा लागला, त्यात एक लांबुडका गोरा पोलीस आणि एक बुटका चिनी मास्तर. दोघांना एकमेकांचं जेवण आवडत नाही, भाषा कळत नाही, तोंड बघवत नाही, आणि तरी दोघं मिळून वीस-वीस माणसं लोळवतात. संवाद इंग्रजीत होते. मी मास्तर असल्यामुळे पांडूला शेजारी बसून सगळं समजावून सांगत होतो. मला स्वतःला त्यातला एकच शब्द नीट कळला होता, ‘पार्टनर’.

कारण त्या शब्दावर सगळा खेळ होता. कोणी गोऱ्यावर धावून आला की चिनी मास्तर ‘पार्टनर!’ अशी हाक मारायचा. गोरा लगेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा. चिनी त्याच्या पाठीवर हात टेकून हवेत उडायचा आणि दोन्ही पाय शत्रूच्या छातीत! हे आम्ही चार वेळा पाहिलं. मग अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या आडोशाला, रोज संध्याकाळी त्याचा सराव सुरू केला. महिन्याभरात माझी अशी अवस्था झाली की बाजारात कोणी ‘पार्टनर’ म्हटलं तरी मी वाकायचो.

आता इनासकाकांबद्दल सांगायला हवं. त्यांची केळीची वाडी होती आणि रेजिना नावाची मुलगी होती. वाडीशी मला काही कर्तव्य नव्हतं. माझ्या आईने रीतसर विचारणा केली होती, तेव्हा काका म्हणाले होते, “पोरगा चांगला आहे, पण वारा सुटला तर पोरीने त्याला धरायचं का त्याने पोरीला?” उत्तर ईस्टरनंतर देतो, असं त्यांनी सांगितलं. तोवर मला त्यांच्यासमोर धड उभं राहून दाखवायचं होतं, एवढंच माझं आयुष्य होतं.

तशी संधीही चालून आली. पवित्र आठवड्याआधी आमच्या गावात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं आणि त्यात इनासकाका वर्षानुवर्षं येशूच्या शिष्याचं, पेत्राचं काम करायचे. त्यासाठी ते नाताळपासून दाढी राखायचे. त्यांचा प्रसंग एकच, पण गाव त्यासाठीच यायचं. गेथशेमनी बागेत शिपाई येशूला धरायला येतात, पेत्र चिडून तलवार उपसतो आणि महायाजकाच्या चाकराचा, म्हणजे मल्खाचा, कान उडवतो. मग येशू तो कान बरा करतो. फादरनी त्या वर्षी मल्खाचं काम मला दिलं. लाकडी तलवार काकांना मान्य नव्हती. केळीचे लोंगर कापायचा आपला खरा कोयता ते धार बोथट करून आणत. माझा खोटा कान आईने केला. एक सुकेळी, म्हणजे वाळवलेलं केळं, घेतली, कानाच्या आकाराची कापली, कोकमाच्या आगळात बुडवली आणि भाताच्या खळीने माझ्या खऱ्या कानावर चिकटवली. काका कोयत्याच्या टोकाने ती अलगद उडवणार होते. तालमीत त्यांनी तीनदा उडवली. तिन्ही वेळा मी डोळे मिटले, आणि ते त्यांनी पाहिलं.

नाटकाच्या दिवशी दुपारी एका शिपायाला कांजिण्या आल्या. गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष आधीच कुठल्या ना कुठल्या कामात होता. मोकळा होता तो फक्त स्टेजवर मायक्रोफोन टांगणारा पांडू. फादर म्हणाले, “नुसतं भाला धरून उभं राहायचं आहे. लॉरेन्स, ह्याला सगळं समजावून सांग.”

मी समजावलं. कुठे उभं राहायचं, भाला कोणत्या हातात धरायचा, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, तोंडात पान ठेवायचं नाही. सगळं सांगितलं. फक्त गोष्ट सांगितली नाही. पेत्र कान कापतो हे पुन्हा काय सांगायचं? आमच्या गावात ते कोंबड्यांनाही ठाऊक असतं!

पडदा उघडला. अख्खं गाव शाळेच्या मैदानात बसलेलं. बागेसाठी काकांनी आपल्याच वाडीतली केळीची झाडं आणून रोवली होती. मागे गायनवृंदात रेजिना. माझी आई पहिल्या रांगेत, हातात जपमाळ. आम्ही शिपाई आत आलो. येशूचं काम करणारा मिंगेल पोस्टमन शांतपणे पुढे झाला. आणि काकांनी आरोळी ठोकून कोयता उपसला.

पांडूने काय पाहिलं, ते मला नंतर कळलं. त्याला दिसला एक दाढीवाला म्हातारा, त्याच्या हातात खरा कोयता, आणि तो कोयता थेट माझ्या डोक्यावर येतोय. बाकीचे शिपाई नुसते उभे!

“पार्टनर!”

मी वाकलो. हे लिहिताना अजूनही माझे कान तापतात. विचार करायला वेळच नव्हता असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे महिनाभरात वाकण्याआधी विचार करायची सवयच गेली होती. पाठीवर दोन तळवे टेकले, वरून काहीतरी जड उडत गेलं, आणि धप्प असा आवाज आला. मी मान वर केली तर पेत्र जागेवर नव्हता. तो बागेत होता, तीन केळी आडव्या करून त्यांच्यावर उताणा. कोयता स्टेजच्या पार दुसऱ्या टोकाला पडला होता.

पांडूचे मायक्रोफोन उत्तम होते. त्यामुळे काका पडल्या पडल्या घरच्या बोलीत जे बोलले ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. पेत्र शिष्य होण्याआधी कोळी होता, तेव्हाचे ते शब्द असावेत. गायनवृंद अर्ध्या ओळीत थांबला. आईने जपमाळ तोंडात धरली. मिंगेल पोस्टमनला मात्र पुढचं वाक्य पाठ होतं, ते त्याने म्हटलं, “तुझी तलवार म्यानात घाल.” केळीत पडलेल्या माणसाला! मग कान बरा करायला तो माझ्याकडे वळला, तर माझे दोन्ही कान शाबूत, वर एक सुकेळीचा जास्तीचा. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग जाऊन त्याने काकांच्या कंबरेवर हात ठेवला. फादरनी पडदा पाडला.

पडद्यामागे मी पांडूची गचांडी धरली. तो पेत्र होता, येशूचा पहिला शिष्य होता, आणि माझा होणारा सासरा होता, हे सगळं मी त्याला एका दमात सांगितलं.

“मना कोनी सांगितला का?” पांडू म्हणाला. “आनि चांगला मानूस हाय, तं कोयता घेऊन कशाला आला?”

फादर मागेच उभे होते. ते म्हणाले, “येशूनेही पेत्राला साधारण हेच विचारलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेलो. लग्न मोडल्यातच जमा होतं, माफी तेवढी मागायची होती. काका पालथे पडले होते आणि रेजिना गरम मिठाच्या पुरचुंडीने त्यांची कंबर शेकत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला रडायला येत होतं.

“तो पोरगा, त्याला गोष्ट ठाऊक नव्हती म्हणे,” काका उशीत तोंड ठेवूनच म्हणाले.

“नव्हती, काका.”

“म्हणजे मी खरंच तुझं डोकं उडवतोय, असं समजून तो कोयत्यापुढे आला?”

“हो.”

“आणि तू काय केलंस?”

“मी वाकलो.”

काकांनी उशीतून तोंड बाहेर काढलं. मग काका म्हणाले, “असा माणूस ज्या घरात येतो-जातो, तिथे पोर द्यायला मला भीती नाही. तुझ्याबद्दल मी काही म्हणत नाहीये, हे ध्यानात ठेव.”

रेजिनाच्या हातातली पुरचुंडी थांबली. मला एवढा धक्का कालसुद्धा बसला नव्हता. माझं लग्न जमलं होतं, आणि ते पांडूच्या गुणांवर जमलं होतं.

लग्न झालं. काका पुढे आमच्याकडे आले की दारातूनच विचारायचे, “पांडू आलाय का?” मी समोर उभा असायचो. आणि पुढल्या वर्षीच्या नाटकात, काकांच्याच आग्रहावरून, मल्खाचं काम पांडूला मिळालं. ह्या वेळी फादरनी त्याला स्वतः बसवून गोष्ट सांगितली. डोळे न मिटता त्याने कान उडवून घेतला, आणि मैदानात टाळ्या पडल्या.

मला पडद्यामागून कोंबडा व्हायचं होतं. पेत्र तीनदा येशूला नाकारतो, आणि तिसऱ्यांदा नाकारलं की कोंबडा आरवतो. माझ्याकडे एवढंच काम होतं. मी दुसऱ्या नकारालाच आरवलो.