विद्याधर परबांची हलकी बॅग

भांडुपच्या विद्याधर परबांचा आयुष्यभराचा सिद्धांत एकच: ओझं वाहू नये, तिकडे सगळं असतंच. गणपतीला गावी निघताना बायकोने, म्हणजे पद्मजावहिनींनी, भरलेल्या बॅगा ते उघडत आणि कापूर, वाती, किसणी असं एकेक बाहेर काढत. गावच्या घरात हे सगळं खरोखरच मिळे, त्यामुळे स्वारी भलतीच चढून गेली होती. बॅग उचलून खांदा मात्र दर वर्षी भरून येई. ते वयावर ढकलत.

यंदा सुट्टीच्या आदल्या दिवशी कांजूरमार्गच्या ऑफिसात टीम लीड ब्रिजेटने एक काम त्यांच्या गळ्यात मारलं. एका पतपेढीचं जावा अ‍ॅप सर्व्हरवर चढवायचं.

"चाललं की तू सुटलास. नाही चाललं तर सुट्टी विसर, बाप्पाला व्हिडिओ कॉल कर."

तिने समजावलंही. 'जार' म्हणजे कोडचा एक डबा. 'वॉर' म्हणजे वेब अ‍ॅपची भरलेली बॅग, लागणारे डबे आतच. अशा बॅगा नि डबे भरलेली मोठी पेटी म्हणजे 'इअर', ती इथे नको. आतून तिन्ही झिपच.

झिप म्हटल्यावर परबांचे हात शिवशिवले. त्यांनी वॉर उघडली. 'लिब' फोल्डरात डबेच डबे! जावाच्या सर्व्हरवर जावाचे डबे कशाला न्यायचे? तिकडे असतीलच की. सगळे काढून त्यांनी बॅग ऐटीत चढवली.

अ‍ॅपने डोळेच उघडले नाहीत. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच रड, क्लास, म्हणजे डब्यातला कोड, सापडत नाही. परबांना डोळ्यांपुढे मोबाइलमधले गणपती दिसू लागले.

ब्रिजेट धावत आली. "लिब कुठाय?"

"जड होतं गं."

"वाट लावलीस ना यार! सर्व्हर स्वतःपुरतंच ठेवतो. आपल्या अ‍ॅपला लागतं ते आपणच न्यायचं."

मूळ वॉर चढवली आणि अ‍ॅप झकास चाललं. सुट्टी वाचली. परब ओशाळून घरी आले ते थेट बॅगांपाशी. सकाळी काढून कॉटवर टाकलेलं सगळं परत भरायचं होतं. पण कॉट रिकामी! बॅगेत पाहिलं तर कापूर, वाती, किसणी जिथल्या तिथे.

"हे परत कोणी भरलं?"

"मीच. दर वर्षी तुम्ही काढता, आंघोळीला गेलात की मी भरते."

"मग गावी जे सगळं असतं, ते..."

"तुमच्याच खांद्यावरून जातं," वहिनी चेन ओढत म्हणाल्या.