सात नंबर राखीव आहे

डोंगरातल्या जंगलात, एका तळ्याच्या काठी, सरकारी खात्याचा लहानसा कॅम्प आहे. तंबू ठोकायच्या जागा मोजून आठ. सगळ्यांना मिळून एक संडास, एक नळ, एक लाकडाची शेड, आणि फाटकाजवळ केअरटेकरचं दोन खोल्यांचं क्वार्टर. या क्वार्टरात जे गृहस्थ गेली एकोणीस वर्षं राहतात त्यांना येणारेजाणारे राखीवकाका म्हणतात. तोंडावरही म्हणतात. काकांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांना तो हुद्दाच वाटतो.

काकांचं सगळं काम शिस्तीचं. सकाळी सहाला दंताळं घेऊन निघायचं, आठही जागांवरचा पाला ओढायचा, चुलीच्या दगडांतली राख काढायची, नंबरांच्या पाट्या ओल्या फडक्याने पुसायच्या. कोणी मुक्कामाला आलं की त्याला क्वार्टरच्या ओसरीतल्या टेबलासमोर उभं करून बावीसच्या बावीस नियम मोठ्याने वाचून दाखवायचे. माणूस दमलेला असो, कडेवरचं पोर रडत असो, नियम मध्येच सोडल्याचं एकोणीस वर्षांत एकदाही घडलं नाही. ‘तळ्यात साबण वापरू नये’ इथपर्यंत आल्यावर एक पाहुणा उभ्याउभ्याच पेंगला होता. काकांनी त्याला हलवून जागं केलं आणि तोच नियम पुन्हा वाचला.

पण काकांचं नाव झालं ते सात नंबरमुळे.

सात नंबर ही कॅम्पातली सगळ्यात देखणी जागा. तीन बाजूंना उंच झाडं, चौथ्या बाजूला थेट पाणी. जमीन सपाट, दुपारभर सावली, पाण्यात पाय सोडून बसायला एक चपटा खडक. आलेला प्रत्येक माणूस आधी तिकडेच चालू लागायचा आणि पाटीशी थबकायचा. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘राखीव’.

“कोणासाठी राखीव?” लोक विचारायचे.

“साहेबांसाठी.”

“कोणते साहेब?”

“येतील ते.”

या उत्तराला कोणाचाच इलाज नव्हता. झालं होतं ते इतकंच. कॅम्प सुरू झाला त्या वर्षी एक मोठे साहेब पाहणीला आले होते. जीपमध्ये बसता बसता सात नंबरकडे बोट करून म्हणाले, “एखादी बरी जागा हाताशी असू द्या हो, कोणी आलंगेलं तर.” जीप गेली. ते साहेब पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. पण काकांनी त्याच संध्याकाळी लाल रंगाचा डबा उघडला तो उघडला. दरवर्षी ती अक्षरं नव्याने गिरवली जायची. एकोणीस वर्षांत सात नंबरवर एकही साहेब झोपला नाही. एकदा एक कुत्रं झोपलं होतं आणि एका पावसाळ्यात दोन बदकं. काकांनी त्यांनाही उठवलं.

काकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, या बाबतीत थोडं वेगळं बोलायच्या. क्वार्टरला दोन खिडक्या. एकीतून लाकडाची शेड दिसते, दुसरीतून संडास. तळं चाळीस पावलांवर, पण घरातून त्याचा एक थेंब दिसत नाही.

“लोक गाड्या करून तळं बघायला येतात,” काकू म्हणायच्या, “आणि मी एकोणीस वर्षं कोण संडासात गेलं आणि कोण बाहेर आलं ते बघतेय. अहो, एक दिवस त्या खडकावर बसू का नुसती?”

“ती जागा राखीव आहे.”

“बसले तर झिजेल का?”

“प्रश्न झिजण्याचा नाही. तत्त्वाचा आहे.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका सोमवारी खात्याचं परिपत्रक आलं. ज्या जागेवर वर्षभरात एकही मुक्काम झाला नसेल ती कमी करण्यात येईल. ज्या कॅम्पात आठापेक्षा कमी जागा उरतील तिथलं केअरटेकरचं पद रद्द होईल, आणि संबंधित कर्मचाऱ्याला मुख्यालयाच्या दप्तरखान्यात रुजू व्हावं लागेल. दप्तरखाना शहरात, तळघरात, खिडकीशिवाय. वर्ष संपायला आठ दिवस होते. सात नंबरपुढे नोंदवहीत वर्षभराचं शून्य होतं. त्याच्या आधीच्या अठरा वर्षांचंही शून्यच, पण तेव्हा ते कोणी विचारत नव्हतं.

काकांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

“त्यात काय एवढं?” काकू म्हणाल्या. “उद्या जो येईल त्याला सात नंबर द्या. मिटलं.”

पण परिपत्रकाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. वर्षाच्या अखेरच्या दिवशी साहेब स्वतः तपासणीला येतील आणि कॅम्पवर मुक्काम करतील. ती ओळ वाचून काकांचा चेहरा उजळला. एकोणीस वर्षांनी साहेब येत होते! ते सात नंबरवर राहणार, वहीत नोंद होणार, पद वाचणार. इतक्या वर्षांची राखण सार्थकी लागायची वेळ आली असताना ती जागा कोणा सोम्यागोम्याला द्यायची?

मग काय, पुढचे आठ दिवस काकांनी सात नंबरवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. एक चित्रकार बाई हातापाया पडली, तिला तीन नंबर दिला. शेवटच्या दिवशी सकाळी एक नवं जोडपं आलं. पोरगी म्हणाली, “काका, एकच रात्र द्या ना. लग्नानंतर पहिल्यांदाच बाहेर पडलोय.”

“राखीव आहे,” काका म्हणाले. जोडपं नियम न ऐकताच निघून गेलं.

दुपारी तीनला साहेब आले. पन्नाशीचे, पोट पुढे, दोन्ही हातांत दोन फोन. काका पुढे होऊन त्यांना सात नंबरकडे घेऊन गेले. दंताळ्याच्या रेघा जमिनीवर अशा सरळ होत्या की पाऊल टाकायला जीव होऊ नये. तळ्यावर ऊन चमकत होतं.

“साहेब, ही आपली जागा,” काका म्हणाले.

साहेबांनी तळ्याकडे बघितलं नाही. एक फोन उजवीकडे धरला, दुसरा डोक्यावर. “इथे रेंज नाही,” ते म्हणाले आणि उलट्या पावलांनी मागे चालू लागले. पाच नंबर, चार नंबर, नळ ओलांडून, थेट संडासाच्या भिंतीशी. “हां! इथे दोन काड्या येतात. ही कोणती जागा?”

“दोन नंबर. पण साहेब, इथे जरा वास...”

“वासाचं काय घेऊन बसलात? संध्याकाळी मीटिंग आहे माझी.”

साहेबांचा तंबू दोन नंबरवर लागला. काका नियम वाचायला लागले तेव्हा साहेब फोनवर बोलत होते. काकांनी बावीसही नियम त्यांच्या पाठीला वाचून दाखवले.

चार वाजले. नोंदवही सहाला बंद व्हायची. काका फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. सकाळचं जोडपं तर केव्हाच डोंगर उतरून गेलं असणार. रस्त्यावर एक गाय होती.

शेवटी काका चार नंबरच्या मास्तरांकडे गेले. निवृत्त शाळामास्तर, सलग अकरा वर्षं येणारे आणि अकरा वर्षं सात नंबर मागणारे. काका गेले तेव्हा ते खुर्चीत बसून शेंगदाणे खात होते.

“मास्तर, सात नंबर रिकामा आहे. येता का?”

मास्तरांनी एक शेंगदाणा सावकाश सोलला. “राखीव आहे ना तो?”

“आता नाही.”

“अकरा वर्षं विचारलं हो मी. पहिल्या वर्षी मंडळी बरोबर होती. तिला पाण्याजवळ झोपायचं होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

काकांना आठवत होतं. त्यांनी प्रत्येकाला एकच वाक्य म्हटलेलं होतं.

“आता ती नाही आणि मला चार नंबरची सवय झालीय,” मास्तर म्हणाले. “बसा, शेंगदाणे घ्या.”

काका बसले नाहीत. घरी आले आणि टेबलापाशी डोकं धरून बसले. तीन नंबरची चित्रकार बाई दुपारीच गेली होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“एखादं नाव टाका वहीत,” काकू दारातून म्हणाल्या. “कोण बघायला बसलंय?”

“खोटी नोंद?” काका ताडकन उठले. “या वहीत? त्यापेक्षा तळघर पत्करलं!”

“बरं, बरं. ओरडू नका.” काकू आत गेल्या. ट्रंक ओढल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या, क्वार्टरला वळसा घातला आणि फाटकातून आत आल्या. काखेत जुना तंबू, हातात पिशवी. टेबलासमोर रीतसर उभ्या राहिल्या.

“जागा हवी आहे,” त्या म्हणाल्या. “पाण्याजवळची.”

“अगं, काय चाललंय हे?”

“अगं कोणाला म्हणता? मी मुक्कामाला आलेय. आणि उद्या तळघरात जायचंच असेल, तर मी एक रात्र तळ्याकाठी राहूनच जाईन.”

काकांनी नियमांचा कागद पुढे ओढून वरून खालपर्यंत बोट फिरवलं. कर्मचाऱ्याने मुक्काम करू नये, असा चौदावा नियम होता. कर्मचाऱ्याच्या बायकोबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांनी वही उघडली. “पत्ता?”

“फाटकाजवळचं क्वार्टर.”

“माणसं किती? दोन?”

“एक. दुसरा माणूस चौदाव्या नियमात अडकलाय.”

काकांनी लिहिलं. मग घसा साफ केला आणि नियम वाचायला घेतले. काकू हाताची घडी घालून ऐकत होत्या.

“नियम नववा. कॅम्पात मोठ्याने बोलू नये, भांडू नये.”

“हा आत्ता कळला. घरात का नाही लावलात?”

“मध्ये बोलू नका. नियम दहावा. भेटायला आलेल्यांनी सात वाजेपर्यंत कॅम्प सोडावा.”

बाविसावा नियम संपताच पेन त्यांच्या हातून घेऊन काकूंनी सही ठोकली. सहाला सात मिनिटं कमी होती.

तंबू उभा करायला काका मदतीला गेले, कारण तसा नियम होता. मग काही हवंनको विचारायला गेले. मग चूल नीट पेटली का ते बघायला. काकू खडकावर बसून पाण्यात पाय हलवत होत्या आणि मागे वळूनही बघत नव्हत्या. सातला पाच कमी असताना त्या म्हणाल्या, “भेटायला आलेल्यांची वेळ झाली.” काका निमूटपणे क्वार्टरवर गेले. खिडकीतून बघितलं, तर संडास दिसला.

सकाळी सहाला ते दंताळं घेऊन निघाले ते थेट सात नंबरवर. काकू चुलीपाशी चहा करत होत्या. पाण्यावर धुकं होतं आणि कुठलासा पक्षी एकाच सुरात बोलत होता.

“झोप लागली?” काकांनी विचारलं.

“कसली झोप? तंबूच्या मधोमध जमिनीत मूळ आहे हे असं. रात्रभर पाठीत रुतत होतं. एकोणीस वर्षं वरून रेघा ओढल्यात, एकदा आडवं होऊन बघायचं होतंत.” मग काकू हसल्या. “पण पहाटे पाणी गुलाबी होतं. तुम्हाला ठाऊक होतं?”

काकांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दात घासत साहेब आले. तोंड धुऊन त्यांनी काकूंच्या हातचा चहा घेतला, खडकावर टेकले आणि पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

“काय जागा आहे!” ते म्हणाले. मग काकांकडे वळून, जरा रागानेच, “ही मला का नाही दाखवलीत?”

काकांनी वही पुढे केली. “साहेब, सात नंबरवर ज्या बाई आहेत, त्या माझ्याच...”

“आठही जागा भरल्यात ना वर्षात?”

“भरल्यात, पण पत्त्याच्या रकान्यात...”

“मग पत्ते कोण वाचतंय?” साहेबांनी सही केली. “पद कायम. आणि हे बघा, ही जागा यापुढे माझ्यासाठी ठेवत जा. कधीमधी येईन मी.”

एकोणीस वर्षं काकांनी या वाक्याची वाट पाहिली होती. काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. काकांनी दंताळं झाडाला टेकवलं, चष्मा पुसला.

“लेखी आदेश येईल ना, साहेब?”

“लेखी कशाला? तोंडी सांगतोय की.”

“बरं, साहेब,” काका म्हणाले.

साहेबांची गाडी साडेनऊला गेली. तिची धूळ खाली बसते न बसते तोच दुसरी आली. आईबाप, दोन मुलं, टपावर तंबू. मुलं आधीच पाण्याकडे पळाली.

“काका, तळ्याकाठी काही मिळेल का?” बापाने विचारलं. “कठीण असेल, नाही?”

काकांच्या तोंडात ते जुनं वाक्य येऊन उभं राहिलं. सात नंबरवरून काकूंचा आवाज आला, “दहाला रिकामी करते मी, सांगा त्यांना!”

“मुक्काम अकरापर्यंत असतो,” काका ओरडून म्हणाले. “पूर्ण वेळ घ्यायचा.” मग ते बापाकडे वळले. “अकरा वाजता सात नंबर मिळेल. तंबू जरा डावीकडे ठोका, मधोमध एक मूळ आहे. आणि आता इथे उभे राहा. नियम बावीस आहेत.”