मोरवेल नेमकी कोणती?

आमच्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये वाळवलेल्या रोपांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. रोपांना निदान वाळवी तरी लागते.

यातले बरेचसे एकाच वेलीचे. पाथर्डीजवळच्या माळावर बाभळीवर चढलेली मोरवेल. मोरवेलीच्या दोन-तीन जाती. ही त्यातली कोणती, ते काही ठरेना. आमचे हेड गर्जे सर येत्या उन्हाळ्यात रिटायर होणार. म्हणाले, "मॅडम, एवढं एक नाव लावून जाऊ द्या मला."

*

आधी मोबाईलच्या ॲपवर फोटो टाकला. उत्तर आलं, मोरवेल. सर खूश. खात्रीसाठी त्याच वेलीचा दुसरा फोटो टाकला. उत्तर आलं, बटाटा.

सरांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "याला नापास करा."

*

नव्यानेच आलेल्या शिंदे मॅडमना वासावरून झाडं ओळखायची भारी हौस. त्यांनी पान चुरगाळून थेट नाकाला लावलं. मोरवेलीचा रस जहाल. नाक सुजलं, डोळ्यांतून धारा.

सरांनी शांतपणे विचारलं, "पटली ओळख?"

*

मग मी फांदी घेऊन एसटीने नगरला निघाले, एका तज्ज्ञांना दाखवायला. शेजारच्या मावशींनी विचारलं, "कशाचा पाला हाय?"

"मोरवेल आहे."

"मंग कुठं निघाल्या घिऊन?"

"हिचं नाव विचारायला."

मावशींनी पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

तज्ज्ञांनी फांदी उलटसुलट बघितली. "पानावरून नाही सांगता येणार. फूल आणा."

*

फूल येणार पावसाळा सरताना. सरांनी जमिनीचे मालक दत्तोबा यांना हात जोडून सांगितलं, "फुलं येईपर्यंत वेलीला हात लावू नका."

"न्हाई लावनार. शब्द हाय आपला."

सर दर रविवारी मोटरसायकलवर जाऊन बघून यायचे. एका सोमवारी सगळ्यांना चहा पाजला; कळ्या आल्या होत्या.

पुढच्या रविवारी मीही सोबत गेले. बाभूळ बुंध्यातून तोडलेली. दत्तोबा लाकडं टेम्पोत भरून घेत होते. बाजूला वेलीचा तुटका गुंताडा पडलेला, कळ्या काळ्या पडलेल्या.

सर गुंताड्याशी उकिडवे बसून एकेक कळी उलटून बघू लागले. मीच म्हणाले, "दत्तोबा, शब्द दिला होतात ना?"

दत्तोबांना ते लागलं. "दिल्ता की. येलीला बोट लावलं न्हाई. बाभळीचं कुनी काय बोललं हुतं का?"